माणिकचा आवाज

शेख सर फोनवर एवढंच म्हणाले की शिवराजचा घसा गेलाय, डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं बंद केलंय आणि शेवटच्या एपिसोडमधला मोठा सीन राहिलाय. मी नांदेडमध्ये एका साडीच्या दुकानाची जाहिरात रेकॉर्ड करत होतो. मित्राबद्दल वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण जरा उशिराने.

मी व्हॉइस आर्टिस्ट आहे. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, शाळांचे कार्यक्रम आणि अधूनमधून डबिंग, असं माझं काम. शेख सरांचा लातूरला स्टुडिओ आहे. त्यांच्याकडे एक तेलुगू मालिका मराठीत करायला आली होती. निजामाच्या शेवटच्या दिवसांतली, हेरांची गोष्ट. माणिक नावाचा कारकून सरकारी कचेरीत बसतो आणि आतल्या खबरा लढणाऱ्यांना पोचवतो. कंपनीला बोली आपल्याकडचीच हवी होती, म्हणून काम लातूरला आलं. माणिकसाठी मी ऑडिशन दिली, शिवराजनेही दिली. शिवराज औश्याचा, कॉलेजपासून नाटकांत माझ्याबरोबर. माणिक त्याला मिळाला. मला मिळाला एक जमादार, एक टांगेवाला आणि गर्दीतले आवाज.

हे सगळं मी गिळलं असतं, पण माझी बायको रेखा त्या मालिकेची फॅन झाली. शुक्रवारी नवा एपिसोड यायचा. त्या दिवशी स्वयंपाक लवकर व्हायचा. माणिकबद्दल ती घरातल्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलायची. शिवराजभाऊजींच्या आवाजात कसलं दुःख हाय, असं तिने शेजारच्या बायकांना माझ्यासमोर सांगितलं. माझा जमादार एका एपिसोडमध्ये माणिकला दरडावतो. तो सीन लागला की ती म्हणायची, हा मेला कुठून आला. तो मेला मीच आहे, हे मी पहिल्यांदा सांगितलं. नंतर सांगायचं सोडून दिलं.

तर मी लातूरला गेलो. रेखाला सांगितलं, जमादाराचं थोडं काम राहिलंय. शेख सरांनी बजावलंच होतं की नाव शिवराजचंच लागणार आणि बाहेर बोलायचं नाही. एका कलाकाराच्या कामात दुसऱ्याच्या आवाजाचा तुकडा असा बसवायचा की सांधा कळू नये, याला आमच्याकडे पॅच म्हणतात. सांधा कळला तर काम वाईट. नाही कळला, तर काम तुमचं हे कुणालाच कळत नाही.

स्टुडिओत शिवराज आधीच येऊन बसला होता. गळ्याला मफलर, हातात मोबाइल. बोलायची बंदी होती म्हणून मोबाइलवर लिहून दाखवायचा. त्याने लिहिलं, तू आलास ते बरं झालं. मला ते वाचूनही राग आला. माझ्या जागी तो असता तर मी असं लिहिलं असतं का, याचं उत्तर मला माहीत होतं.

सीन असा होता. माणिकच्या धाकट्या भावाला पकडून कचेरीत आणतात. अधिकारी माणिकला विचारतो, ह्याला ओळखतोस का? ओळखतो म्हटलं तर दोघंही जाणार आणि पुढची सगळी माणसं सापडणार. नाही म्हटलं तर निदान भाऊ सुटायची आशा. माणिक भावाकडे बघतो आणि म्हणतो, "न्हाई साहेब. ह्याला मी कधी बघितलं न्हाई."

वाक्य एवढंच. ओठांशी शब्द जुळायला हवेत, त्याला सिंक म्हणतात. ते लगेच जमलं. शिवराजचा आवाजही मला काढता येत होता, इतकी वर्षं ऐकलाय. पण टेक काही पास होईना. शेख सर काचेपलीकडून ऐकत होते, मान हलवत होते. शेवटी ते आत आले.

"दिगंबर, तू शिवराजपेक्षा जास्त शिवराज होऊन राहिलास," ते म्हणाले. "त्याला हरवायचं न्हाई आपल्याला. भावाला वाचवायचंय."

मला ते झोंबलं, कारण खरं होतं. मी प्रत्येक टेकमध्ये दुःख वाढवत होतो. शिवराजने केलं असतं त्याहून भारी करून दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं.

मी पाणी प्यालो आणि काचेतून शिवराजकडे पाहिलं. पडद्यावर माणिक दिसला की शिवराजचे ओठ आपोआप हलत होते. वाक्य त्याला पाठ होतं. त्याने तोंड उघडलं, आवाज आला नाही, आणि त्याने हात मफलरवर ठेवला. मी त्याच्याकडे बघतच पुढचा टेक दिला. काहीही न वाढवता, सपाट. दुसरं 'न्हाई' अर्धं आतच राहिलं. शेख सरांनी फक्त अंगठा दाखवला. शिवराज उठून बाहेर गेला. तो चहा सांगायला गेला, असं मी तेव्हा धरून चाललो.

शुक्रवारी एपिसोड आला. मी रेखाच्या शेजारी बसलो, चेहरा शक्य तितका साधा ठेवून. तो सीन आला. "न्हाई साहेब" ऐकलं आणि तिने पदर तोंडाला लावला. मग सीन मागे नेऊन परत पाहिला.

"शिवराजभाऊजींनी जीव काढून ठेवला," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्याकडून थोडं शिका की."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार. आजवर मला दुसऱ्यांच्या आवाजांचा हेवा वाटला होता. त्या संध्याकाळी माझ्याच आवाजाचा वाटला, कारण तो शिवराजच्या नावावर होता.

रेखाने लगेच शिवराजला व्हॉइस मेसेज पाठवला. मी ऐकत होतो. बोलता बोलता तिला रडू आलं. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं. तिने वाचलं, मग मोबाइल माझ्यापुढे धरला.

त्याने लिहिलं होतं, "वहिनी, तो सीन माझा न्हाई. दिगंबरचा हाय. मी समोर बसून ऐकला आणि मला सोसला न्हाई, म्हणून बाहेर गेलो. माझ्याकडून असा झाला नसता. त्या दिवसापासून मी त्याच्यावर जळून राहिलो, हे आज त्याला सांगा."

रेखाने सीन पुन्हा लावला, या वेळी मोबाइल कानाजवळ धरून.

"हाव, तुमचाच हाय," ती म्हणाली. "आता कळतंय." मग मोबाइल खाली ठेवून म्हणाली, "पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा जास्त चांगला वाटला होता."

शिवराजचा घसा बरा झाला. दुसऱ्या सीझनमध्ये माणिक पुन्हा त्याचाच आहे आणि माझा जमादार तिसऱ्या एपिसोडमध्ये मरतो. आता पॅचचं काम आलं की मी आधी विचारतो, नाव कुणाचं लागणार. उत्तर नेहमी तेच असतं, आणि मी ते काम नेहमी घेतो.