पिशवीतली नाल

धर्मापुरीच्या रतनबाईंच्या घरातलं कुणी बाहेर मुक्कामाला निघालं, की भुताखेताची बाधा नको म्हणून त्याच्याबरोबर लोखंड जायचंच. मेंढरांमागे जाणाऱ्या नवऱ्याच्या घोंगडीत ते असे. लेक धनश्री दगड गोळा करायला निघाली, तेव्हा रतनबाईंनी ओझ्याच्या तट्टाची जुनी नाल तिच्या पिशवीच्या अस्तरात शिवून टाकली. सांगितलं मात्र नाही.

धनश्री खडकांच्या चुंबकत्वावर संशोधन करत होती. भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणींजवळ उष्णतेनं आणि दाबानं रूप पालटलेले खडक आहेत. त्यांतले चुंबकी कण कोणत्या दिशेला रांग धरून बसलेत हे कळलं, की खनिज कोणत्या वाटेनं शिरलं याचा अंदाज येतो. म्हणून दगड फोडण्याआधी होकायंत्र धरून त्यावर उत्तरेचा बाण काढायचा. बाण चुकला, तर दगड मुका.

सुट्टीत घरी आल्यावर ती ओट्यावर आईला होकायंत्र दाखवत होती. काटा सारखा पिशवीकडे ओढ घेई. पिशवी दूर सारली, तसा तो जागेवर आला. धनश्रीनं अस्तर चाचपलं. उन्हाळाभर ही पिशवी तिच्या कमरेशी लोंबत होती.

"माय, हे काहून शिवलंस?"

"रानात एकटी ऱ्हातीस. तुजा बाप बी नेतोच की."

"त्याला मेंढरं बघायची असतात. मला काटा."

"मंग काटाच लई हलका तुजा."

धनश्री हसली नाही. "पिशवी कधी पुढं, कधी मागं. कोणता बाण किती चुकला, ते आता कळणार न्हाई."

"ऱ्हाऊ दे तसंच. कोन बघतंय?"

"मी बघते."

मार्गदर्शक बाई फोनवर म्हणाल्या, दिशेचं प्रकरण गाळ, बाकीच्यावर प्रबंध होईल. "दिशेसाठीच तर गेले होते, मॅडम. परत जाते," धनश्री म्हणाली, आणि वहीत उतरवलेल्या एकेका बाणावर काट मारत बसली.

रतनबाईंनी दातांनी अस्तराचे टाके तोडून नाल काढली. मग म्हणाल्या, "पितळ चालंल?"

"चालंल."

"पितळंला कोन भितंय," असं पुटपुटत त्यांनी म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घाटी, पितळेची छोटी घंटा, सोडून आणली. धनश्रीनं ती होकायंत्राजवळ धरली. काटा थरथरला. आतला लोलक लोखंडी होता.

रतनबाईंनी तो तारेसकट उपटून काढला. "आता बघ."

काटा जागचा हलला नाही.

परळीच्या स्टेशनावर गाडीत चढताना ती घाटी धनश्रीच्या पिशवीला बांधलेली होती, न वाजणारी.