आत्याच्या धवल्याचा सौदा

माझ्या व्याह्यानं मला फसवलं. तो उल्हासनगरच्या कॅम्पातला कापडाचा व्यापारी, मी अंबरनाथजवळच्या मोरिवलीचा, विटा-रेतीच्या धंद्यावर उभा राहिलेला आगरी माणूस. माझ्या मुलाच्या आणि त्याच्या मुलीच्या लग्नात आमची आत्या अख्खा धवला गाईल, असा आमचा शब्द झाला होता. तो धवला त्याच्या घरच्या बायकांनी आदल्या दिवशी माझ्याच अंगणात बसून, मी घरात नसताना, संपवून टाकला.

धवला म्हणजे लग्नातलं गाणं, एवढंच सांगितलं तर आत्या अंगावर येईल. पूर्वी आमच्यात लग्न लावायला भट नसायचा. धवलारीण बाई गात गात लग्न लावायची. देवांना, गेलेल्या माणसांना, आजूबाजूच्या गावांच्या गावदेवींना नाव घेऊन आवतण द्यायची. आत्या आमच्याकडची शेवटची धवलारीण. तिच्या धवल्यात मोरिवली येते, पालेगाव येतं, कुळगाव येतं, मधले ओढे आणि बांध येतात. त्यातल्या बऱ्याच जागी आता कारखाने आहेत, नाहीतर वीस-वीस मजले. पण आत्या गायला लागली की तिथं भातच पिकतं.

अलीकडच्या लग्नांत डीजेवाल्यांनी तिला दोन ओळींवर आणून ठेवलं होतं. अख्खा धवला मी शेवटचा ऐकला तो माझ्या स्वतःच्या लग्नात, आणि तेव्हा नवरदेवाला काय ऐकू येतं? आई लवकर गेली, मला आत्यानं वाढवलं. तिचं वय झालंय. मुलाच्या लग्नात तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गावं आणि मी समोर बसून ऐकावं, एवढी एकच गोष्ट मला त्या लग्नातून हवी होती. बाकी जेवणात काय, स्टेजला फुलं कुठली, हे सगळं मी सोडून दिलं होतं.

बोलणी व्याह्याच्या घरी झाली. त्या कॅम्पात मी लहानपणी आत्याच्या मागून भाजीची पाटी घेऊन हिंडलोय. फाळणीत सगळं मागं टाकून आलेल्या सिंधी लोकांना लष्करानं सोडलेल्या बराकींत ठेवलं होतं, गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी घरं. मी जायला लागलो तोवर पडद्यांच्या जागी भिंती आल्या होत्या आणि भिंतींच्या पुढं दुकानं. सिंधी बायका भाव करायला बसल्या की आत्या खुलायची. मीही भाव करायला तिथंच शिकलो. आता त्याच गल्लीत, तीन मजली घरात, माझ्यापुढं पापड आणि पाण्याचा ग्लास आला. पाहुणा आला की आधी पापड, हा त्यांचा रिवाज.

"साईं, आमची एकच मागणी," व्याही म्हणाला. "लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या बायका तुमच्याकडे येणार. सांत करणार. नवऱ्या मुलाच्या डोक्यावर तेल घालतात, थोडी मस्ती. बस."

"मग माझी पण एकच. हॉलमध्ये तुमचे महाराज विधी सुरू करायच्या आधी एक तास आमच्या आत्याचा. डीजे बंद, व्हिडिओवाला गप्प."

"एक तास? अर्धा करा ना."

"तेल अर्ध्याच डोक्यावर घालाल का?"

कोपऱ्यात बसलेली त्याची आई, ऐंशीच्या पुढची अम्मा, खो खो हसली. "दे दे उसको," ती म्हणाली. हातावर हात पडला. हॉल बदलापूरला घ्यायचा ठरलं, म्हणजे कुणाच्याच घरचा नाही. तिथून उठून आम्ही त्याच्या दुकानात गेलो. सांतीसाठी मुलाला रेशमी कुडता त्यानंच सुचवला. मी त्याला भावात असा पिळला की शेवटी त्यानं कपाळावर हात मारला. "साईं, तुम्ही सिंधी असता तर मी धंदा बंद केला असता!" मी छाती काढून घरी आलो.

सांतीच्या दिवशी अम्मासकट दोन गाड्या भरून बायका आल्या, मागून व्याही आणि त्यांच्यातले चार पुरुष. अंगणात मांडव होता, एका बाजूला आमच्या बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, दुसरीकडं त्यांचे दाल-पकवानचे डबे उघडले. सात सवाष्णींनी मुलाच्या डोक्यावर तेल ओतलं. नव्या जोड्याच्या टाचेनं त्यानं मातीची पणती फोडली. मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात त्याच्या मामेसासऱ्यानं कुडत्याच्या गळ्यात हात घातला आणि टर्रकन खालपर्यंत फाडला. दुसऱ्यानं बाही ओढली. मी मधे पडलो, तर माझीच बायको मला मागं खेचायला लागली.

"अहो, सोडा! त्यांच्यात असंच करतात! नजर लागू नये म्हणून!"

"तुला कोणी सांगितलं?"

"विहीणबाईंनी. आठ दिवस झाले."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, एक मी सोडून. व्याही पकवान मोडत उभा होता. "तुम्ही विचारलंच नाही, साईं. तुम्ही फक्त भाव विचारला." माझा मुलगा चिंध्या लेवून, तेलानं चमचमत हसत होता. सगळ्यांचे मोबाइल वर होते. तो व्हिडिओ आज आमच्या प्रत्येक नातेवाइकाकडं आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा आहे.

मी आणखी बोललो असतो, पण हॉलच्या मॅनेजरचा फोन आला. उद्या त्याच हॉलमध्ये दुसऱ्या पार्टीचं रिसेप्शन लावलंय, तुमचे कार्यक्रम जरा आटपते घ्या. आटपतं म्हणजे काय, ते मला लगेच कळलं. आत्याचा तास जाणार होता. मी तसाच तेलाच्या हातांनी बदलापूरला निघालो. कुळगावात माझी माणसं आहेत, त्यातल्या एकाला बरोबर घेतलं. मॅनेजर चहा पाजत राहिला, मी नको म्हणत राहिलो. तो पाऊण तासावर आला. मी तासाच्या खाली उतरलो नाही. शेवटी दुसऱ्या पार्टीचा फुलवाला मागच्या दारानं आत घ्यायचा ठरलं आणि तास वाचला. गाणं म्हणत घरी आलो.

दिवेलागण झाली होती. आत्या मांडवात खुर्चीवर बसली होती, अंगाखांद्यावर हळद. मी म्हटलं, "आत्या, तास पक्का केला!" तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

मी नसताना काय झालं ते बायकोनं सांगितलं. कुडत्याचा गोंधळ संपल्यावर अम्मानं आत्याकडं निरखून पाहिलं. "तू भाजी बेचती थी ना कॅम्प में? जुडीत काड्या जास्त द्यायचीस!"

"आन तू दोन जुड्या घेवन तिसरी फुकट मागायचीस!" आत्या म्हणाली.

खरं तर दोघींचीही खात्री नव्हती. कॅम्पात भाजीवाल्या पुष्कळ आणि गिऱ्हाइकं त्याहून पुष्कळ. पण भांडण रंगलं. भांडता भांडता अम्मानं त्यांचा एक लाडा, म्हणजे लग्नाचं गाणं, सुरू केला. आत्यानं धवल्यातलं एक कडवं उलट फेकलं. मग एकास एक. इकडच्या बायकांनी तिकडचं धरलं, तिकडच्यांनी इकडचं. हात तेलानं आणि हळदीनं माखलेले, त्यामुळं मोबाइलला कुणी हात लावला नाही. कुडता फाटताना सगळी दुनिया शूटिंग करत होती, धवल्याचं एक मिनिटसुद्धा कुणाकडं नाही!

आत्या गावांच्या आवतणावर आली. मोरिवली झाली, पालेगाव झालं, कुळगाव झालं. तेव्हा अम्मानं तिचा हात धरला. "और मेरा गांव?"

"तुजा गाव कुठला?"

अम्मानं नाव सांगितलं. सिंधमधलं. सहा-सात वर्षांची असताना सोडलेलं. आत्यानं ते दोन-तीनदा तोंडात घोळवलं, चालीत बसवलं आणि कुळगावच्या पुढं घालून गायलं. तिथल्या देवीलाही आवतण, तिथल्या नदीलाही. बायको सांगते, अम्मानं धरलेला हात सोडलाच नाही. मग म्हणाली, "फिरसे. शुरू से." आणि आत्यानं अख्खा धवला पुन्हा पहिल्यापासून गायला. या सगळ्यात व्याही कुठं होता? पुढच्या रांगेत, मांडी घालून, माझ्या जागेवर.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये ज्येष्ठमध झाला, गरम पाणी झालं, मधाचं चाटण झालं. तास सुरू झाला, डीजे बंद झाला, व्हिडिओवाला गप्प झाला. आत्या माइकपुढं उभी राहिली आणि माझ्याकडं बघून तिनं हात हलवले. नाहीच. मग अम्मा काठी टेकत स्टेजवर चढली, माइक ओढून घेतला आणि तिनं धवला धरला. शब्द अर्धे वाकडे, चाल अर्धी सिंधी. आत्या शेजारी बसून मांडीवर ताल देत होती, चुकलं की अम्माच्या गुडघ्यावर चापट मारत होती. आमच्या बायका उठल्या, त्यांच्या उठल्या, वाढपी झारे घेऊन दारात येऊन उभे राहिले. कुळगावच्या पुढं ते दूरचं गाव आलं तेव्हा त्यांच्याकडची सगळी म्हातारी माणसं उभी राहिली. मी नाचलो. सुनेनं मला ओढलं, मी नाचलो, फेटा सुटेपर्यंत नाचलो. आमच्या तिन्ही गावांत असं लग्न पुन्हा होणं कठीण.

पण नाचलो म्हणून विषय संपत नाही. जेवणाच्या पंगतीत मी व्याह्याला गाठलं.

"तास मिळाला ना, साईं? धवला झाला ना?"

"आत्याचा ठरला होता. तुमच्या अम्मानं गायला."

"आवाज तर तुमच्या अंगणात गेला. अंगण कोणाचं?" आणि माझ्या ताटात त्यानं गुलाबजाम वाढला.

आत्याचा आवाज आठवड्यात परत आला. मी म्हटलं, बस आता माझ्यापुढं आणि गा. तर म्हणते, "लगीन नसता धवला गायचा नसतो. येडा झालास काय?" तिचा नियम मोडायची माझी छाती नाही. माझी मुलगी म्हणते, एवढ्यात लग्नाचं नाव काढू नका. व्याह्याचा धाकटा मुलगा मात्र दुकानात बसतो, कमावता आहे, लग्नाला आलेला आहे. मी आत्याला विचारून ठेवलंय, सिंधी पोराच्या लग्नात गाशील का? म्हणाली, "त्यांचा गाव घातलाय ना आता धवल्यात? मग गायला लागंल."

दर वेळी भेटला की व्याही हसून विषय दुकानावर नेतो. आता हे लिहूनच विचारतो, म्हणजे चार माणसं वाचतील. साईं, सौदा अर्धा राहिलाय आणि तो तुमच्याकडं राहिलाय. धाकट्याचं लग्न कधी काढताय, आणि आदल्या दिवशी तुमच्या अम्माला माझ्या आत्यापासून लांब कोण ठेवणार आहे? दोन्ही प्रश्नांचं उत्तर पाहिजे. गुलाबजाम नको.