होडीच्या पुढच्या फळीवर

माझ्या शेजाऱ्यांना माझी पहिल्यांदा गरज पडली ती वजन म्हणून.

मे महिन्यातला शेवटचा शनिवार होता, सकाळचे साडेसहा. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प गावात, आमच्या घरांच्या ओळीसमोर, शेजारचे म्हातारे गृहस्थ सायकलला जोडलेल्या छोट्या गाडीत होडीच्या मोटरची जड बॅटरी चढवायची खटपट करत होते. मी कचरा टाकायला बाहेर आले होते. एका बाजूने हात लावला, बॅटरी गाडीत बसली. त्यांनी आभार मानले आणि मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहत विचारलं, मला आज काही काम आहे का? होडीत पुढे कुणी बसलं नाही की नाक वर येतं आणि वारा होडी फिरवतो. आजवर पुढे त्यांची बायको बसायची. ती जाऊन दीड वर्ष झालं होतं.

मला काही काम नव्हतं. नवरा तेव्हा महिन्यातले वीस दिवस कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला असायचा. मुलगी ग्रोनिंगनला शिकायला गेली होती. फोन केला की मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि चार मिनिटांत आमचं बोलणं संपायचं. मी आठवड्याचे तीन दिवस घरूनच एका छोट्या कंपनीचं पेरोल बघत होते. म्हणजे बोलणं कमी, टाइप करणंच जास्त. मी कोट घातला, सायकल काढली आणि त्यांच्या मागे निघाले.

त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. उंच, किंचित वाकलेले, कानात यंत्र. ते मला ‘बूरव्राऊ’ म्हणायचे, म्हणजे शेजारीणबाई. मग मीही त्यांना ‘बूरमान’ म्हणायला लागले. एकमेकांची नावं आम्हाला माहीत होती, पण ती कधी लागलीच नाहीत.

होडी आल्समेरला, वेस्टआइंडर तळ्यावर असायची. तळं मोठं, मध्ये अरुंद लांबट बेटं, बेटांवर लायलॅकची झुडपं. तिथले लोक ती फुलांसाठी वाढवतात आणि हिवाळ्यात मुळांसकट उपटून होडीने काचघरात नेतात. त्या दिवशी तळ्यावर बऱ्याच होड्या होत्या. बूरमाननी सांगितलं की वसंतात मासे अंडी घालतात, म्हणून शिकारी मासे पकडायला बंदी असते. स्नूकची बंदी मार्चपासून, बाकीच्यांची एप्रिलपासून, आणि आजच्या दिवशी सगळं उघडतं. मी पुढच्या फळीवर गुडघे जुळवून बसून होते. ते मागून गळ टाकत होते. पाच तासांत आम्ही जेमतेम वीस वाक्यं बोललो असू. तरी घरी आल्यावर मला भरभरून बोलून आल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून मासेमारीच्या पासाचा अर्ज भरायला लावला. होडीत नुसतं बसून राहणारं माणूस त्यांना चालत नव्हतं.

मी भंडारा जिल्ह्यातली, मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या काठावरच्या गावातली. वडील शाळामास्तर. ढिवरांच्या बायका तलावात कमरेएवढ्या पाण्यात उतरून झिंगे धरायच्या, ते मी शाळेच्या पायरीवरून पाहिलं होतं. घरी मरळ यायची ती टोपलीत, अजून तोंड उघडमीट करत. पण पकडलेला मासा परत पाण्यात सोडतात हे मला ऐकूनही माहीत नव्हतं. जूनमध्ये माझ्या गळाला पहिला बार्स लागला: हिरवट अंगावर काळे पट्टे, लाल पर, पाठीवर काटे. तळहाताहून जरासाच मोठा. त्यांनी गळ काढून तो माझ्या हातात दिला आणि पाण्याकडे मान हलवली. मी तो धरूनच ठेवला. मनात मीठ-हळद लावून झाली होती. ते म्हणाले, आमच्या क्लबचा नियम आहे, सगळे परत. खायचा असेल तर शुक्रवारी बाजारात माशांची गाडी येते. मी सोडला, पण त्या रात्री जेवताना नुसतं वरण घशाखाली उतरेना.

हळूहळू त्याची सवय झाली. उन्हाळाभर आम्ही बेटांच्या कडेला, लव्हाळ्याजवळ बार्ससाठी जायचो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्नूकबार्स. तो ढगाळ दिवसाचा मासा. त्याचे डोळे काचेसारखे, उजेड सहन न होणारे. तो तळाशी राहतो. रबराचा छोटा मासा गळाला अडकवून तळापर्यंत जाऊ द्यायचा, मग जरासा उचलायचा, पुन्हा टेकू द्यायचा. लागतो तेव्हा कुणीतरी टिचकी मारल्यासारखं वाटतं, बस. बूरमान म्हणायचे, डोकं दुसरीकडे असलं की टिचकी कळत नाही. माझं डोकं बहुतेक वेळा दुसरीकडेच असायचं, तरी त्या वर्षी मला अकरा मिळाले.

ते शिकवायचे परीक्षा घेऊन. मधेच विचारायचे, वारा कुठून आहे? इथे पाणी किती खोल? मागच्या आठवड्यात इथे काय लागलं होतं? मला डच नीट येत नव्हतं, त्यामुळे उत्तर मनात जुळवायला वेळ लागायचा. ते थांबायचे. या देशात माझ्या वाक्यासाठी पूर्ण थांबणारं दुसरं माणूस मला भेटलं नव्हतं.

थंडी वाढली तसं आम्ही स्नूककडे वळलो. लांब, बदकासारख्या चोचीचा, तोंडात शेकडो दात. त्याच्यासाठी दोऱ्याच्या टोकाला तार लावतात, नाहीतर तो दोरा कापतो. कल्ल्याच्या कडेने बोटं कशी घालायची, चिमट्याने गळ कसा फिरवायचा, हे त्यांनी मला दहादा दाखवलं.

जानेवारीतला शनिवार होता. स्वच्छ ऊन, बंदराच्या कडेला काचेसारखा पातळ बर्फ. धुकं नाही, काही नाही. आल्समेरचा विटांचा उंच, पाण्याच्या टाकीचा मनोरा तळ्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसतो, तसा तो समोर दिसत होता. दोनच्या सुमारास मी म्हटलं, बोटं बधिर झाली, निघू या का? त्यांनी गळाची काठी आत घेतली, चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, “घर कुठल्या बाजूला?”

मला वाटलं, परीक्षा. मी मनोऱ्याकडे बोट दाखवलं.

“बरोबर,” ते म्हणाले. पण मोटर सुरू केली नाही. हात हँडलवर ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मिस्कीलपणा नव्हता. आपण रस्ता चुकलो हे मोठ्या माणसांच्या घोळक्यात एकदम लक्षात आलेल्या मुलाचा असतो, तसा चेहरा होता. पन्नास वर्षं त्या तळ्यावर जात आलेला माणूस.

मी सांभाळून मागे गेले. त्यांना पुढच्या फळीवर बसवलं आणि होडी मीच बंदरात आणली. तोपर्यंत ते सावरले होते. दोर नेहमीसारखा बांधला, बॅटरी काढली. सायकली काढताना म्हणाले, “माझ्या मुलीला सांगू नकोस. ती होडी विकून टाकेल.”

मी हो म्हटलं.

त्यांची मुलगी दूर दक्षिणेला, बेस्ट नावाच्या गावात राहायची, इंजिनिअर होती. दर रविवारी फोन करायची, महिन्या-दोन महिन्यांनी यायची. तिचा नंबर माझ्याकडे होता. तिनेच दिला होता, काही लागलं तर कळवा म्हणून. त्या संध्याकाळी मी फोन हातात घेऊन बसले होते. काय सांगायचं ते डचमध्ये जुळवून पाहिलं, मग इंग्रजीत. आणि मग फोन ठेवला. त्यांना शब्द दिलाय, असं मी स्वतःला समजावलं. पुढचे पाच शनिवार आम्ही गेलो. मी मागे बसायला लागले, थंडीत त्यांचे हात दुखतात असं कारण काढून. ते पुढच्या फळीवर जाऊन बसायचे. एकदा त्यांनी मला एकच गोष्ट तासाभरात दोनदा सांगितली आणि मी दुसऱ्यांदाही पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मी मुलीकडे ग्रोनिंगनला गेले. स्नूकची बंदी सुरू होण्याआधीचा तो शेवटचा शनिवार. मी त्यांना आधी सांगितलं होतं, दारावर चिठ्ठीही लावली होती. ते एकटे गेले.

संध्याकाळी एका लायलॅकवाल्याला ते त्याच्या बेटावर सापडले. होडी नीट बांधलेली होती. ते झुडपांमध्ये पालथ्या बादलीवर बसले होते, पाय गुडघ्यापर्यंत ओले. त्याने विचारलं तेव्हा म्हणाले, बायकोची वाट बघतोय, ती सायकली आणायला गेलीय.

ते आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. नवव्या दिवशी त्यांची मुलगी माझ्या दाराशी आली. मी कॉफी केली. तिने कोट काढला नाही. तिने मला सगळं शांतपणे सांगितलं, बेट, बादली, सायकली, डॉक्टर काय म्हणाले ते. मग विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“जानेवारीपासून.”

 त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. ते खरंही होतं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ती माझ्यासमोर बसलेली असताना मला ते लपवता आलं नाही. मी म्हटलं, “शनिवार बंद होतील म्हणून मी सांगितलं नाही. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.”

तिने कप टेबलावर मधोमध सरकवला आणि उठली. दारात वळून म्हणाली की ते आता इथे परत येणार नाहीत. तेवढंच. मी दार लावलं आणि तिची कॉफी गार होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

नवऱ्याला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तू तरी काय करणार होतीस, तो त्यांच्या घरातला मामला. तो समजूत घालत होता हे मला कळत होतं. पण मी काय करू शकले असते ते मला पक्कं माहीत होतं. नंबर फोनमध्ये होता.

एप्रिलमध्ये शेजारच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली. जूनपर्यंत एक तरुण जोडपं राहायला आलं, त्यांना तान्हं बाळ. मेच्या शेवटच्या शनिवारी मी सवयीने पाचला उठले, सायकलवर आल्समेरला गेले. होडीची जागा रिकामी होती, पाण्यात नुसते दोन खांब. मी काठाकाठाने चालत गेले, एका बाकाजवळ काठी जोडली आणि दुपारपर्यंत गळ टाकत राहिले. तळ्यावर होड्याच होड्या. काहींच्या नाकाशी कुणी ना कुणी बसलेलं.

सप्टेंबरमध्ये बूरमानच्या मुलीचा मेसेज आला. दोन ओळी: वृद्धाश्रमाचा पत्ता, आणि ‘ते पाण्याबद्दल बोलतात, मला त्यातलं काही कळत नाही.’ यायला सांगितलं नव्हतं. न येण्याबद्दलही काही लिहिलं नव्हतं. मी तीन दिवस उत्तर लिहीत-खोडत होते. शेवटी फक्त गाडीची वेळ कळवली.

बेस्टच्या स्टेशनवर ती घ्यायला आली होती. रस्त्यात आम्ही हवेबद्दल बोललो. बूरमान खिडकीशी बसले होते, केस नीट विंचरलेले, अंगात कुणीतरी निवडून दिलेला स्वेटर. त्यांनी मला ओळखलं नाही. बाहेरून आलेल्या बाईशी बोलावं तसं अदबीने बोलले, बसा म्हणाले. मी त्यांना सांगितलं की काल वारा नैर्ऋत्येकडून होता, पाणी गढूळ आहे, स्नूकबार्स अजून खोल गेलेला नाही. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी एक-दोन प्रश्न विचारले, गळाला रबराचा मासा कुठल्या रंगाचा लावला, किती वजनाचा. प्रश्न बरोबर होते. मी उत्तरं दिली. अर्ध्या तासाने त्यांना झोप आली.

बाहेर गाडीत बसल्यावर तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही. म्हणाली, “मी दर रविवारी बोलत होते त्यांच्याशी. मलाही कळायला हवं होतं.” यात माफी होती की नुसती कबुली, ते मी विचारलं नाही. तिने मला स्टेशनवर सोडलं. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा जाते. कधी ती असते, कधी नसते. आमची मैत्री झाली असं म्हणता येणार नाही.

बाकीचे शनिवार मी रिंगव्हार्ट कालव्याच्या काठावर असते, घरापासून पंधरा मिनिटांवर. गेल्या शनिवारी स्नूकची एक मोठी मादी लागली, माझ्या हाताएवढी लांब. एकटीने जाळ्यात घ्यायला, गळ सोडवायला बराच वेळ गेला. दोन बोटं रक्ताळली. गवतावर पालथं पडून मी तिला पाण्यात धरून ठेवलं, तिचे कल्ले नीट हलायला लागेपर्यंत. मग तिने शेपटी मारली आणि गेली. उठले तेव्हा मागे कुत्र्याला फिरवणारा एक माणूस उभा होता. त्याने विचारलं, काही मिळतं का इथे?

“मिळतं,” मी म्हटलं. आवाज घोगरा निघाला. घसा खाकरला आणि लक्षात आलं, गुरुवारनंतर मी पहिल्यांदाच कुणाशी बोलत होते. तो हसला, कुत्र्याचा पट्टा ओढला आणि पुलाकडे गेला. मी बोटांना रुमाल गुंडाळला आणि पुन्हा गळ टाकला.