वहीतला फ्रेंड
कोळशाच्या राखेचा वास आला की औष्णिक वीजकेंद्राच्या परळीतली ती दुपार आठवते. बारावीनंतर मी गावात नव्याने निघालेल्या कॉम्प्युटर क्लासला जात होते, आणि सी प्लस प्लस या संगणकाच्या भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले 'फ्रेंड', 'प्रायव्हेट' असे राखीव शब्द पाठ करायला वहीत लिहिले होते. दुकानातून जेवायला आलेल्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या हाती ती वही लागली. "ह्यो फ्रेंड कोन हाय? अन् प्रायव्हेट काय चाललंय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मी घाईघाईने सांगू लागले. "अण्णा, प्रोग्राममधले शब्द हायत. प्रायव्हेट दुसऱ्या कुणाला दिसत न्हाई, फक्त फ्रेंडला दिसतं." मी खरं तेच सांगितलं, आणि बोलता बोलताच वाटलं की आता आपलं शिकणं संपलं. जेवण तसंच टाकून त्यांनी मला क्लासवर नेलं. घाबरलेल्या सरांनी जाड पुस्तकातली तीच यादी उघडून पुढे ठेवली. अण्णा एकेका शब्दावरून बोट फिरवत 'फ्रेंड'वर थांबले. "छापलेलं हाय," एवढंच म्हणाले आणि दुकानाकडे वळले. मी खुर्चीत बसले आणि माझा क्लास सुरू राहिला. आता मीच कॉम्प्युटर क्लास घेते आणि मुलींना हा शब्द शिकवताना आधी सांगते, शेजारी मराठीत 'राखीव शब्द' लिहा, घरच्यांना वाचता येईल असं.