पोरगी पिराजीची

गडमुडशिंगीच्या पिराजीला अठराव्या वर्षी बाशिंग बांधलं ते काही त्याच्या हौसेनं नव्हे. आई वारली, घरात भाकरी थापायला बाई उरली नाही, म्हणून. वर्ष सरतंय न सरतंय तोच अक्षता जन्मली. मिसरूड धड फुटलं नव्हतं आणि गडी बाप झाला. बरोबरीची पोरं संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायची, हा म्हशीच्या धारा काढायचा. पण त्याचं दुःख ते नव्हतं.

आमच्याकडं वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात स्वतःचं पोर उचलून घेणं म्हणजे निर्लज्जपणा. हे कुणी ठरवलं देव जाणे. ज्यानं ठरवलं त्याला गाठून एकदा चांगला जाब विचारावा, असं मला फार वाटतं. पिराजीचे वडील केरबा, त्यांना सगळे आबा म्हणत. वय चाळीसच्या आसपास, आणि घरी असले की पुढच्या सोप्यावरच बसलेले. त्यामुळं पोरगी त्यांच्या मांडीवर वाढली. आबा लेकाला ‘पिराज्या’ म्हणून हाक मारत, म्हणून तीही बापाला पिराज्याच म्हणायची. सगळी गल्ली हसायची. मीही हसलोय. पिराजी तेवढा हसत नसे. “एकदा पप्पा म्हणू दे रं मला, बास,” असं तो माझ्यापाशी बोलला होता.

शहाण्णव साली एका दुपारी सोप्यावर बिद्रीचे पाहुणे बसले होते. दोन वर्षांची अक्षता सोप्यालगतच्या गोठ्यात शिरली आणि म्हशीनं तिच्या पायावर पाय दिला. पोरगी किंचाळली. पिराजी दोन हातांच्या अंतरावर उभा होता, पण पाहुण्यांकडं आणि आबांकडं बघत तसाच थिजला. बायकोला हाक मारायचीही पंचाईत, मोठ्यांदेखत तिचं नाव कसं घ्यायचं? शेवटी ओरडला, “आक्काऽ!”

शेजारची आक्का हातातली भांडी टाकून पळत आली. तिनं पोरगी उचलली आणि पाहुण्यांसमोरच त्याला विचारलं, “तुझं हात काय मोडल्यात व्हय रं?”

पिराजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं लुना काढली. मागं आबा बसले, पोरगी त्यांच्या मांडीवर. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी पाय बघितला. हाड चिरलं होतं, प्लास्टर घालावं लागणार होतं. ते आबांना म्हणाले, “वडील ना तुम्ही? घट्ट धरा तिला.”

“बाप मी हाय,” पिराजी म्हणाला. आवाज चिरकला, पण आबांच्या देखत बोलला. आणि त्यांच्या हातातली पोरगी त्यानं जवळजवळ ओढूनच घेतली.

पोरगी “आबाऽ आबाऽ” करत हात पसरू लागली. आबा उठून बाहेर निघून गेले. आबा रागावले, पिराजीला वाटलं. प्लास्टर होईपर्यंत पोरगी रडून रडून दमली आणि शेवटी पिराजीच्याच गळ्याला चिकटली. दुसरं होतंच कोण तिथं?

बाहेर आबा लुनापाशी उभे होते.

“लुना ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. पोरीला घिऊन तू बसनं जा.”

“आबा, तुमास्नी चालवाय कुठं येतीया?”

“जा म्हणतोय न्हवं!”

बसमध्ये निम्मं गाव होतं. सगळ्यांदेखत पिराजी लेकीला छातीशी धरून बसला. लाज वाटत होती, आणि लई बरंही वाटत होतं.

आबा पोचले ते दिवस कलल्यावर. कोल्हापुरापासून लुना हातानं ढकलत आणली होती. वेशीत कुणीतरी विचारलं, “पेट्रोल संपलं काय आबा?”

“व्हय,” म्हणाले आणि पुढं चालू लागले.

सोप्यावर पिराजी बसला होता. खाली ठेवली की पोरगी रडायची, म्हणून मांडीवरच झोपवली होती. आबा दारात दिसताच तो सवयीनं तिला खाली ठेवायला लागला.

“बस की गप,” आबा म्हणाले. “जागी हुईल तुझी पोरगी.”