मांडवीभरच्या पोटऱ्या

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकाही माणसाचा चेहरा धड पाहिलेला नाही. त्यांची ओळख होते ती गुडघ्याच्या खाली. मुंबईत मेडिकलच्या पोरांना शरीररचना शिकवून निवृत्त झाल्यावर ते रत्नागिरीला परतले आणि येताना शिरांची भक्ती घेऊन आले. "हृदयाचं कसलं कौतुक सांगता जावईबापू? रक्त ढकललं की ते मोकळं! पायाच्या अंगठ्यापासून ते वर चढवून परत कोण आणतं? शिरा! भाट्याच्या पुळणीवरचं पाणी किल्ल्यावर न्यायचं म्हणजे खेळ वाटला काय?" मग शिरांमधल्या झडपा यायच्या. पोटरी आवळली की रक्त वर सरकतं, मागची झडप मिटते, खाली उतरायची सोय नाही. म्हणून पोटरी हेच खरं हृदय, असा त्यांचा सिद्धान्त.

संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर फिरायला येणाऱ्यांना ते अडवून पोटऱ्या तपासत. दिवसभर उभं राहणाऱ्यांचा त्यांना विशेष कळवळा. आमच्या न्हाव्याला त्यांनी केस कापता कापता टाचा उचलायला शिकवलं. त्या दिवशीची गिऱ्हाइकं महिनाभर टोपी घालून हिंडत होती. एका लग्नात मंगलाष्टकं लांबली, तर मामांनी उभ्या वऱ्हाडाकडून टाचांचा व्यायाम करून घेतला. समोरचा अख्खा मांडव वरखाली होताना पाहून भटजी पुढची ओळच विसरले.

गेल्या आंब्याच्या मोसमात मामी आमरसाची साठं वाळत घालायला स्टुलावर चढल्या. स्टूल धरून उभ्या असलेल्या माझ्या बायकोला त्यांच्या घोट्याच्या आत चिघळलेली जखम दिसली, आणि वर पोटरीभर शिरांचा निळा गुंता. "काहीतरी चावलं असेल गो," म्हणत मामी जखमेला कित्येक दिवस खोबरेल लावत होत्या. बायकोने हाक मारली तसे मामा आले आणि वाकून पाहू लागले.

"कधीपासून आहेत या शिरा?"

"धाकटीच्या वेळच्या बाळंतपणापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सवड कुठे होती? अख्ख्या मांडवीच्या पोटऱ्या बघायच्या होत्या," मामी हसत म्हणाल्या. त्यांना राग आला असता तर मामांना सोपं गेलं असतं.

शिरांचं ऑपरेशन झालं, पण जखम भरायला फार दिवस लागले. तेव्हापासून मामा जेटीवर दिसत नाहीत. संध्याकाळी पडवीत मामींचं पाऊल मांडीवर घेऊन बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधत बसतात. खरं सांगायचं तर मला त्यांच्या त्या व्याख्यानांवाचून करमत नाही. परवा त्यांना खुलवावं म्हणून मी मुद्दाम विचारलं, "मामा, या शिरेचं नाव काय हो?"

एरवी तासाभराची निश्चिंती झाली असती. मामांनी पट्टीचं टोक हलकेच खोचलं, पाऊल काही खाली ठेवलं नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "तिला दुखत होतं हो."