भिंतीवरची उजळ खूण

सकाळचं ऊन आमच्या बाहेरच्या खोलीत आलं की भिंतीवर क्रुसाच्या आकाराची एक उजळ खूण दिसते. आजोबांनी लावलेला क्रूस वर्षानुवर्षं तिथे होता. आम्ही मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेलो, तिथे चहा वर्ज्य आणि भिंतीवर क्रूसही लावत नाहीत, तेव्हा आईनं तो हलक्या हातानं उतरवून कपाटात ठेवला. भोवतालची भिंत मळली होती, तेवढा भाग कोरा राहिला.

परवा रविवारी आत्या तिच्या चर्चमधून थेट आमच्याकडे जेवायला आली. त्या खुणेकडे बघत म्हणाली, "चहा सोडलात, क्रूस काढलात, वर बायबलच्या शेजारी ते मॉर्मनचं पुस्तक आणून ठेवलंत. तुम्ही कसले ख्रिस्ती?"

माझं डोकंच फिरलं. आई मात्र भाताचं पातेलं खाली ठेवत शांतपणे म्हणाली, "वन्सं, येशू क्रुसावर राहिलाच नाही ना! कबर रिकामी करून उठला. जो जिवंत आहे, त्याला भिंतीवर कशाला शोधायचं?"

आत्या पानावर येऊन बसली. मी त्या खुणेकडे बघत राहिले. भिंत बघून लोक आपली श्रद्धा ठरवतात, याचा मला फार राग येतो. घरात काय टांगलंय ते आल्या आल्या दिसतं. पण आपण कुणाच्या नावानं घास उचलतो, हे कळायला पानावर बसावं लागतं.

आईनं डोळे मिटले. अन्नाबद्दल आभार मानले, आत्याच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी मागणं मागितलं आणि शेवटी म्हणाली, "येशू ख्रिस्ताच्या नावानं."

"आमेन!" सगळ्यांत मोठा आवाज आत्याचा होता.